दारू, जुगार, खून सगळं पचवणारा अल कपोन इन्कम टॅक्सच्या वहीत कसा अडकला?

२४ ऑक्टोबर १९३१, शनिवार. शिकागोच्या फेडरल कोर्टात ३२ वर्षांचा एक जाडजूड माणूस उभा होता. डाव्या गालावर जुन्या जखमेचे व्रण, अंगात महागडा सूट. या माणसाच्या टोळीने किती जणांना मारलं याचा हिशोब शिकागोत कुणालाच नीट लागत नव्हता. त्याच्या दारूच्या गाड्या भर रस्त्यातून जायच्या, त्याचे जुगाराचे अड्डे पोलीस चौकीला माहीत होते आणि त्याची वेश्यागृहं कुठे आहेत हे टॅक्सीवाला सुद्धा सांगायचा.

न्यायाधीशांनी त्याला ११ वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा होता इन्कम टॅक्स चुकवल्याचा आणि रिटर्न न भरल्याचा.

नाव, अल कपोन.

ही गोष्ट ऐकली की डोक्यात पहिला प्रश्न येतो तो असा, की बाबा ज्या धंद्यावर सरकारनेच बंदी घातली आहे, त्या धंद्याच्या कमाईवर तेच सरकार टॅक्स कसा काय मागू शकतं? कपोनला सुद्धा हाच प्रश्न पडला होता. त्याने स्वतःपुरतं उत्तरही काढलं होतं की मागूच शकत नाही. याच उत्तराने त्याचा घात केला. पण त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

अल्फोन्स गॅब्रिएल कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. आई-बाप इटलीतून नेपल्सच्या बाजूने आलेले. वडील न्हावी. घरात नऊ पोरं. म्हणजे कपोनच्या घरात गुन्हेगारी वगैरे काही नव्हती, कष्टाची माणसं होती. पोरगा सहावीपर्यंत शिकला, १४ व्या वर्षी शिक्षिकेशी हाणामारी झाली आणि शाळा सुटली ती कायमची. मग मिठाईच्या दुकानात काम, बोलिंगच्या अड्ड्यावर काम असं करत करत गल्लीतल्या टोळ्यांमध्ये शिरला. तिथेच त्याला जॉनी टोरिओ नावाचा गुरू भेटला. टोरिओ दिसायला साधा, बोलायला मवाळ, डोकं मात्र हिशोबाचं. गुन्हेगारी हा धंदा आहे आणि धंद्यात आरडाओरडा करायचा नसतो, हे कपोन त्याच्याकडून शिकला. निदान शिकायचा प्रयत्न केला, कारण शांत राहणं त्याला कधीच जमलं नाही.

गालावरच्या जखमेचा किस्सा त्याच काळातला. कोनी आयलंडवरच्या एका बारमध्ये तो नोकरीला होता. तिथे आलेल्या एका मुलीवर त्याने अचकट विचकट शेरा मारला. तिचा भाऊ शेजारीच बसला होता. त्याने चाकू काढला आणि कपोनचा गाल फाडला. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला 'स्कारफेस' म्हणायला सुरुवात केली, ते त्याला मरेपर्यंत आवडलं नाही. लोकांना तो सांगायचा की युद्धात जखम झाली. गडी युद्धावर गेलाच नव्हता.

१९२० च्या सुमारास टोरिओने त्याला शिकागोला बोलावलं. टोरिओ तिथे बिग जिम कोलोसिमोसाठी काम करत होता. कोलोसिमोचा मूळ धंदा वेश्यागृहांचा. बायको व्हिक्टोरिया स्वतः हा धंदा चालवायची, तिच्याशी लग्न करून कोलोसिमो मोठा झालेला. पुढे त्याने झगमगीत रेस्टॉरंट काढलं, शहरातली बडी माणसं तिथे जेवायला यायची, पण पैशाचा मूळ झरा बायकांच्या शरीराच्या बाजारातच होता. आज कपोन म्हटलं की दारू आठवते. पण त्याच्या शिकागोतल्या करिअरची सुरुवात झाली ती दारात उभं राहून. टोरिओचा 'फोर ड्यूसेस' नावाचा चार मजली अड्डा होता, पत्ता २२२२ साउथ वॉबॅश, म्हणून ते नाव. खाली दारू, वर जुगार, त्याच्यावर वेश्यागृह. कपोन तिथे बाउन्सर होता. त्याने स्वतःची व्हिजिटिंग कार्डं छापली होती, त्यावर धंदा लिहिला होता जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री.

याच दिवसांत कुठेतरी त्याला सिफिलिस झाला. त्याने धड उपचार घेतले नाहीत. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आता एक योगायोग बघा. अमेरिकेत दारूबंदीचा कायदा लागू झाला तो दिवस १७ जानेवारी १९२०. त्या दिवशी कपोन २१ वर्षांचा झाला. एवढं मोठं वाढदिवसाचं गिफ्ट कुठल्याच सरकारने कुठल्याच गुंडाला दिलं नसेल. लोकांची तहान तशीच, विकणाऱ्यावर बंदी. जो धोका घेईल त्याला मागेल तो भाव. कोलोसिमोला म्हणे या नव्या धंद्यात फारसा रस नव्हता. मे १९२० मध्ये तो आपल्याच रेस्टॉरंटमध्ये गोळी लागून मेला. खुनी सापडला नाही. गादीवर टोरिओ आला.

पुढची पाच वर्षं पटापट सांगता येतात. शिकागोलगतच्या सिसेरो गावावर टोळीने कब्जा मिळवला. १९२४ च्या तिथल्या निवडणुकीत बंदुका घेऊन माणसं मतदान केंद्रांवर उभी होती, त्या दिवशी कपोनचा भाऊ फ्रँक पोलिसांच्या गोळीने मेला, पण उमेदवार टोळीचाच निवडून आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विरोधी टोळीचा म्होरक्या डीन ओबॅनियन स्वतःच्या फुलांच्या दुकानात मारला गेला. जानेवारी १९२५ मध्ये त्याच्या माणसांनी टोरिओला दारातच गोळ्या घातल्या. टोरिओ वाचला, पण हिशोबी माणूस, त्याने ओळखलं की नफा-तोट्याचं गणित बिघडलंय. सगळा कारभार कपोनच्या हातात देऊन तो बाजूला झाला.

वयाच्या २६ व्या वर्षी कपोन शिकागोचा मालक झाला. दारूच्या भट्ट्या, ट्रक, जुगाराचे अड्डे, उपनगरांतली वेश्यागृहं, कुत्र्यांच्या शर्यती. हॉटेलात मजलेच्या मजले त्याच्या माणसांसाठी राखीव. पत्रकारांशी गप्पा मारणारा, कॅमेऱ्याला हसून बघणारा, मंदीत बेकारांसाठी फुकट सूपचं स्वयंपाकघर उघडणारा गुंड. पोलीस, नगरसेवक, कोर्टातले कारकून, सगळ्यांची पाकिटं ठरलेली. खून झाला की साक्षीदारांची आठवण जायची. १४ फेब्रुवारी १९२९ ला, व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी, एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मशीनगनने मारलं. काही मारेकरी पोलिसांच्या वेशात आले होते. कपोन त्या दिवशी फ्लोरिडात होता. त्या सात खुनांसाठी कुणालाच कधी शिक्षा झाली नाही.

स्थानिक पोलीस काही करणार नाहीत हे उघड होतं. खून हा राज्याच्या कायद्याचा विषय, त्यात वॉशिंग्टनला हात घालता येत नव्हता. मग केंद्र सरकारच्या हातात उरलं काय? दारूबंदी आणि टॅक्स.

इथे कायद्यातल्या एका शब्दाची गोष्ट सांगावी लागते.

अमेरिकेत आधुनिक इन्कम टॅक्स आला १९१३ मध्ये. त्या कायद्यात लिहिलं होतं की कुठल्याही 'कायदेशीर' धंद्यातून होणाऱ्या कमाईवर कर लागेल. म्हणजे किराणा दुकानदाराने कर भरायचा आणि वेश्यागृहाच्या मालकाने भरायचा नाही, असा अर्थ निघत होता. १९१६ मध्ये कायदा नव्याने लिहिला तेव्हा 'कायदेशीर' हा शब्द काढून टाकला. शब्द गेला आणि कर सगळ्यांच्या कमाईवर आला, मग ती कशीही असो.

पण कागदावर येणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं. साउथ कॅरोलिनातल्या सलिव्हन नावाच्या दारू विकणाऱ्याने मुद्दा काढला. त्याचं म्हणणं असं, की अमेरिकेची राज्यघटना सांगते कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मी रिटर्न भरलं तर त्यात कमाई दाखवावी लागणार. कमाई दारूची. म्हणजे मी माझ्याच हाताने गुन्ह्याची कबुली लिहून देणार. म्हणून मी रिटर्न भरणार नाही.

युक्तिवाद बिनडोक नव्हता. खालच्या एका अपील कोर्टाला तो पटला सुद्धा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे १९२७ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल फिरवला. म्हणणं साधं होतं. धंदा बेकायदेशीर आहे म्हणून त्याला करातून सूट कशी मिळेल? प्रामाणिक माणूस कर भरणार आणि चोराला माफी, हे कुठलं शहाणपण? राहिला प्रश्न कबुलीचा, तर फॉर्ममधल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर अडचणीचं वाटलं तर त्या रकान्यापुरतं उत्तर नाकारा, पण फॉर्मच भरणार नाही असं म्हणता येणार नाही.

निकालात एक गमतीची जागा होती. बेकायदेशीर धंद्यावर कर लावायचा तर खर्चाची वजावट पण द्यावी लागेल का? म्हणजे पोलिसांना दिलेली लाच खर्चात दाखवता येईल का? होम्स यांनी तो प्रश्न उघडा ठेवला. असा दावा करण्याची हिंमत कुणी केली तर तेव्हा बघू, असा एकूण सूर होता.

भारतातही कायदा याच वाटेने गेला आहे. बेकायदेशीर धंद्यातली कमाई सुद्धा उत्पन्नच धरली जाते. १९५८ मध्ये पाकिस्तानच्या सीमेवर एका तस्कराला ६५,५०० रुपयांसह पकडलं होतं, सोनं आणायला निघाला होता. पैसे जप्त झाले, वर आयकर खात्याने त्यावर कर लावला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तस्करी हा त्याचा धंदा धरून तुम्ही कर लावताय, तर मग जप्त झालेली रक्कम त्याच धंद्यातला तोटा म्हणून वजा करा. पुढे १९९८ मध्ये कायद्यात स्पष्टीकरण घालून गुन्ह्यासाठी केलेल्या खर्चाची वजावट बंद केली. लाचेची पावती जोडून रिटर्न भरायची सोय संपली.

परत शिकागोला येऊ.

न्याय खात्यात मेबल वॉकर विलेब्रँट नावाच्या सहायक अॅटर्नी जनरल होत्या. दारूबंदीचे खटले त्यांच्याकडे होते आणि एकेक ट्रक पकडून काही होणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. मोठ्या माशांना टॅक्समध्ये पकडा ही दिशा त्यांनी पुढे रेटली आणि सलिव्हनचा निकाल हातात आल्यावर तिला बळ मिळालं. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांना शिकागोतली प्रतिष्ठित मंडळी भेटली, शहर हातातून गेलंय म्हणून सांगितलं. हूवर यांनी अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्यामागे लकडा लावला की कपोन आत गेला पाहिजे. काम आलं एल्मर आयरी यांच्याकडे, महसूल खात्याच्या गुप्त तपास शाखेचे प्रमुख. त्यांनी शिकागोला पाठवला फ्रँक विल्सन. चष्मा घालणारा, सिगार ओढणारा, कागदांचा किडा.

विल्सनपुढची अडचण भलतीच होती. कपोनच्या नावावर काहीच नव्हतं. बँक खातं नाही, चेकवर सही नाही, मालमत्तेचा कागद नाही. मायामीजवळ पाम आयलंडवर त्याने ४०,००० डॉलरचा बंगला घेतला, तो पण बायकोच्या नावावर. सगळा व्यवहार रोख. रिटर्न तर त्याने एकदाही भरलेलं नव्हतं. कर न भरल्याचा आरोप करायचा तर आधी कमाई सिद्ध करावी लागते आणि कागदोपत्री हा माणूस जवळजवळ भिकारी होता.

तोपर्यंत सरकारने आजूबाजूची माणसं पकडायला सुरुवात केली. भाऊ राल्फ कपोन याला टॅक्सच्या गुन्ह्यात तीन वर्षं. टोळीचा खजिनदार जॅक गुझिक याला पाच. फ्रँक निट्टीने गुन्हा कबूल करून दीड वर्षं घेतली. भाऊ टॅक्सच्या गुन्ह्यात अडकल्यावर कपोनला पहिल्यांदा घाम फुटला आणि त्याने एक शहाणपणाचं वाटणारं काम केलं. टॅक्सचा वकील लावला.

वकिलाचं नाव लॉरेन्स मॅटिंगली. एप्रिल १९३० मध्ये तो कपोनला घेऊन थेट विल्सनच्या ऑफिसात गेला. आमच्या अशिलाला जुना कर भरून प्रकरण मिटवायचंय, आकडा ठरवू. विल्सनने कपोनला हिशोबाबद्दल विचारलं, तर वह्या कधी ठेवल्याच नाहीत म्हणाला आणि बाकी बहुतेक प्रश्न वकिलावर ढकलले. सप्टेंबरमध्ये मॅटिंगलीने लेखी पत्र दिलं. त्यात आधीच्या वर्षांसाठी काही हजारांचे आकडे होते आणि १९२८, १९२९ साठी वर्षाला जास्तीत जास्त १ लाख डॉलर कमाई धरायला हरकत नाही असं होतं. पत्राच्या वर लिहिलं होतं की हे तडजोडीपुरतं आहे, याचा आमच्याविरुद्ध वापर होऊ नये.

ज्या माणसाने आयुष्यात एक रिटर्न भरलं नाही त्याच्या वकिलाने त्याला कमाई होती हे स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं होतं. वरची ती ओळ कोर्टात टिकली नाही. पत्र पुरावा म्हणून आत गेलं. सलिव्हन ज्या कबुलीला घाबरत होता, ती कपोनने न मागता दिली.

दुसरा पुरावा मिळाला तो कपाटात. १९२६ मध्ये मॅकस्विगिन नावाचा सरकारी वकील गोळीबारात मेला तेव्हा शहरात संताप उसळला होता, फॉरेस्ट व्ह्यू गावातलं टोळीचं मोठं वेश्यागृह तर जाळून टाकण्यात आलं. त्याच धाडसत्रात सिसेरोच्या हॉथॉर्न स्मोक शॉप नावाच्या जुगाराच्या अड्ड्यावरून काही वह्या उचलून आणल्या होत्या. चार वर्षं त्या धूळ खात पडल्या, कुणी उघडून बघितलं नाही. १९३० मध्ये एका रात्री कागद चाळता चाळता त्या विल्सनच्या हाती लागल्या. पानं उलटली तर जुगाराच्या टेबलांचा रोजचा हिशोब, दीड-दोन वर्षांत पाच लाख डॉलरहून जास्त नफा आणि त्या नफ्याच्या वाटण्या.

वही कुणाच्या हातची? विल्सनच्या माणसांनी बँकांमधल्या स्लिपा, अर्ज, सह्या काढून अक्षर ताडून बघितलं. अक्षर लेस्ली शमवे नावाच्या हिशोबनीसाचं निघालं. तो १९३१ च्या सुरुवातीला मायामीत कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नोकरी करताना सापडला. विल्सनने त्याच्यापुढे पर्याय ठेवला. गुपचूप साक्ष दे, आम्ही सांभाळू. नाहीतर सगळ्यांसमोर समन्स बजावतो, मग कपोनच्या माणसांना कळेल तू कुठे आहेस. ही सरकारी धमकीच होती, आणि कपोनच्याच वजनाची. शमवे बोलला. फ्रेड राइस नावाचा दुसरा रोखपालही फुटला. नफ्याच्या रोकडीचे बँकेतून चेक काढून आणायचं काम त्याच्याकडे असायचं.

जून १९३१ मध्ये आरोपपत्र आलं. १९२४ ते १९२९ या सहा वर्षांत १० लाख ३८ हजार डॉलरची कमाई आणि त्यावर २ लाख १५ हजार डॉलरचा बुडवलेला कर. जरा गणित करा. डॉलरमागे साधारण २० सेंट. आणि हे फक्त सरकारला सिद्ध करता येईल असं वाटलेलं उत्पन्न, खरी कमाई त्याच्या कितीतरी पट. सलिव्हनच्या निकालानंतर कपोनने दरवर्षी एक आकडा लिहून, धंद्याच्या रकान्यात उत्तर नाकारून रिटर्न टाकलं असतं, तर पुढच्या वर्षांपुरतं तरी विल्सनला काम उरलं नसतं. पोलिसांना तो पाकिटातून याहून जास्त वाटत असणार.

आठवडाभराने दारूबंदी मोडल्याचे ५,००० आरोपही लागले. हे काम इलियट नेस आणि त्याच्या पथकाचं, ज्यांच्यावर पुढे पुस्तक आलं, मालिका आली, सिनेमा आला. त्या ५,००० आरोपांवर खटला कधी चाललाच नाही. सिनेमावाल्यांना टॅक्सच्या वहीपेक्षा मशीनगन जास्त आवडते, त्याला इलाज नाही.

कपोन निवांत होता, कारण सरकारी वकिलांशी बोलणं झालं होतं. गुन्हा कबूल, शिक्षा अडीच वर्षांच्या आसपास. त्याने कोर्टात कबुली दिलीही. पण ३० जुलैला न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी सांगितलं की कोर्टाशी असा सौदा होत नसतो, शिक्षा मी ठरवणार. कपोनने घाईघाईने कबुली मागे घेतली.

मग टोळीने नेहमीचा मार्ग धरला. ज्युरीची यादी मिळवली, माणसं गाठायला सुरुवात केली. ही खबर विल्सनला आतल्या गोटातूनच मिळाली, एडी ओहेअर नावाच्या वकिलाकडून. तो कुत्र्यांच्या शर्यतींच्या धंद्यात कपोनचा भागीदार होता. (१९३९ मध्ये ओहेअरला गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून गाजला, शिकागोचं ओहेअर विमानतळ त्याच्या नावाने आहे.) विल्करसन यांनी काही बोलून दाखवलं नाही. ऑक्टोबरमध्ये खटला सुरू व्हायच्या दिवशी त्यांनी दुसऱ्या न्यायाधीशाच्या कोर्टातली ज्युरी आपल्याकडे बोलावली आणि आपली तिकडे पाठवली. विकत घेतलेला माल दुसऱ्याच दुकानात गेला.

खटल्यात जे झालं ते बघायला लोक गर्दी करायचे आणि बहुतेक कंटाळायचे, कारण बंदुकीचं नाव नाही, सगळी बिलं. अड्ड्यावर १९२५ मध्ये धाड घालायला गेलेल्या नागरिकांपैकी एकाने साक्ष दिली की कपोन दाढी न केलेला, पायजम्यावर कोट चढवून आला होता आणि जागा आपली आहे असं सगळ्यांसमोर म्हणाला होता. शिकागोहून मायामीला वेस्टर्न युनियनने जाणाऱ्या पैशांचा हिशोब निघाला. पुढे दुकानदार आले. रेशमी शर्ट किती, रेशमी अंतर्वस्त्रं किती, मित्रांना भेट द्यायला घेतलेली २७५ डॉलरची हिरेजडित बकलं किती, बंगल्यात फर्निचर काय, टेलिफोनचं बिल काय. सरकारचा मुद्दा एवढाच होता, की ज्याला कमाईच नाही तो एवढा खर्च करतो कशातून?

बचावाने आणखी गोंधळ घातला. बुकी आणून उभे केले आणि सांगितलं की कपोन घोड्यांवर हजारो डॉलर हरला आहे. पण जुगारातला तोटा फक्त जुगारातल्या जिंकलेल्या पैशांतूनच वजा होत होता. त्यामुळे एवढंच सिद्ध झालं की हरायला त्याच्याकडे हजारो डॉलर होते.

१७ ऑक्टोबरला निकाल आला. एकूण २३ आरोपांपैकी पाच सिद्ध. १९२५, १९२६ आणि १९२७ चा कर चुकवला आणि १९२८, १९२९ चं रिटर्न भरलं नाही. ११ वर्षं तुरुंग, ५०,००० डॉलर दंड, वर कोर्टाचा खर्च. गॅरेजमधले सात जण कुठेच नव्हते. वेश्यागृहांतल्या बायकांच्या अंगावर टोळीने किती कमावलं, त्यांच्या हातात किती ठेवलं, हा हिशोबही मांडला गेला नाही. खटला उभा होता तो मुख्यतः जुगाराच्या वहीवर आणि शर्टांच्या बिलांवर.

१९३२ मध्ये कपोन अटलांटाच्या तुरुंगात गेला, १९३४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावर. कैदी नंबर ८५. इथे पाकीट चालत नव्हतं. आणि इथेच तो जुना आजार वर आला, फोर ड्यूसेसच्या दिवसांतला. सिफिलिस मेंदूत पोचला होता. तो गोंधळायचा, बरळायचा, आपण कुठे आहोत हे विसरायचा. अल्काट्राझमधलं शेवटचं वर्ष तुरुंगाच्या दवाखान्यातच गेलं.

त्याच्या गुरूचं पुढे काय झालं हे पण सांगायला हवं. वेळेवर बाजूला झालेला, शांत डोक्याचा जॉनी टोरिओ १९३९ मध्ये टॅक्स चुकवल्याबद्दलच आत गेला, अडीच वर्षांसाठी.

कपोन १६ नोव्हेंबर १९३९ ला सुटला. साडेसात वर्षं भोगून, दंड आणि थकलेला कर भरून. आधी बाल्टिमोरला उपचार झाले. एका मोठ्या हॉस्पिटलने घ्यायला नकार दिला, दुसऱ्याने घेतलं. त्याने त्या दुसऱ्या हॉस्पिटलला चेरीची दोन झाडं भेट दिली. नंतर पाम आयलंडच्या बंगल्यात बायको मे आणि मुलाबरोबर राहिला. पेनिसिलिन नवीन आलं होतं, ते त्यालाही मिळालं, पण उशीर झालेला. १९४६ मध्ये डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याची बुद्धी आता १२ वर्षांच्या पोराएवढी उरली आहे.

२५ जानेवारी १९४७ ला तो त्याच बंगल्यात मेला. आठच दिवसांपूर्वी ४८ वर्षांचा झाला होता. घरच्यांनी त्याला शिकागोला नेऊन थंडीत, मोजक्या माणसांत पुरलं.